एकशेचार नंबरची कुपी

महापे एमआयडीसी, दुसरा मजला, मागची बाजू.
कुपी करंगळीच्या पेराएवढी,
तळाशी जेमतेम ओलावा,
आणि किंमत माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराची.
उजेड लागला की रंग उडतो तिचा,
म्हणून चंदेरी कागदात गुंडाळून
बर्फात रोवून ठेवलेली.
नऊ दिवस कस्टममध्ये अडकून आली होती.

सकाळी पानथरी काढली. काळपट लाल,
वालाच्या शेंगेचा तुकडा जसा.
सिरिंजच्या दट्ट्याने जाळीवर चेपली,
तांबड्या पेशी फोडून वाहून दिल्या,
उरल्या पांढऱ्या.
पांढऱ्या म्हणायच्या एवढंच.
भिंगाखाली सगळ्या गोल, गप्प,
कोण राखणदार, कोण नुसती वाटेवरची
तोंडावरून कळत नाही.

म्हणून प्रतिपिंडं पाठवायची विचारायला,
ज्याचा त्याचा रंग देऊन.
सीडी तीनला हिरवा, बी दोनशेवीसला लाल,
आणि पंचेचाळीसला जांभळा,
कारण पंचेचाळीस प्रत्येक पांढऱ्या पेशीच्या अंगावर असतोच.
असतोच, असं पुस्तकात.

चार अंश. अर्धा तास. दिवे बंद.
मी स्टुलावर बसून डबा खाल्ला, अंधारात,
कारल्याची भाजी, हाताच्या अंदाजाने.

पावणेनऊला लेझरसमोरून
पेशी एकामागे एक गेल्या, मान खाली घालून.
पडद्यावर ठिपके सांडले.
हिरवे आले. लाल आले.
जांभळ्याचा रकाना रिकामा.
म्हणजे टी पेशी आहे, पण पांढरी पेशी नाही.
रेशनकार्डावर नाव नाही
आणि माणूस दारात पिशवी घेऊन उभा.

कुपी शिजली असणार कस्टमच्या उन्हात.
रेगे मॅडम फोनवर म्हणाल्या, तुझाच हात चुकला असेल.
पुन्हा केलं.
कुपीतला ओलावा आणखी उतरला.
पुन्हा रिकामा.

तेवढ्यात हरेश्वर मढवी
भुशाची ट्रॉली ढकलत आले.
गोठिवलीचे. बावीस वर्षं उंदरांत.
गेटवर अजून रोज त्यांचं कार्ड तपासतात,
तेही न बोलता दाखवतात.
"कुठच्या पिंजऱ्यातलं?"
सतरा.
"मंग ते तुमचं नाय गो."

एसी बंद पडला त्या रात्री
पिंजरे खालीवर केले होते, कार्डं तिथेच राहिली.
"काले ते पन, काले हे पन.
डाव्या कानाला एक खाच, ती हैदराबादची जात."
मी कान पाहिला नव्हता.
मी कार्ड पाहिलं होतं.

पंचेचाळीस पॉइंट एक, पंचेचाळीस पॉइंट दोन.
एकच घराणं, एकच आडनाव,
फक्त एका शाखेने कधीतरी
पहिली वेलांटी दुसरी केली.
माझी कुपी दुसऱ्या वेलांटीचीच.
तिने विचारलं, दोन का?
पेशी म्हणाल्या, नाही.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मग कागद उलगडून वाचला, बारीक टायपातला,
ही कुठल्या उंदराच्या अंगात तयार झाली ते.
पॉइंट एकच्या.
त्याला परक्या पेशी टोचल्या,
आणि त्याच्या रक्ताने परकं तेवढं पाठ केलं.
आज इथे, समुद्र ओलांडून,
बर्फाच्या डब्यात
तिच्यासमोर तिचीच माणसं उभी राहिली
आणि ती त्यांना चिकटली नाही.
आपल्यांना काय विचारायचं.

मढवी काका हात धुऊन गेले.
साबणाचा वास बराच वेळ राहिला.

मी दिवा लावला. वही उघडली.
सकाळचे तीन उंदीर
भलत्याच नावाने गेले होते.
खोडून, बाजूला सही करून,
त्यांची जात बरोबर लिहिली.
डावा कान, एक खाच.
तिघांचेही कान
बायोहॅझर्डच्या पिवळ्या पिशवीत होते तोवर,
तरी जाऊन पाहिले.